साडेदहा हजारांचा ब्रेक



दत्तजयंतीला आईला गाणगापूरला न्यायचं, हे दिवाळीतच ठरलं होतं. भालकीहून हुमनाबाद, तिथून कमलापूरवरून कलबुर्गी आणि पुढे चौडापूरला वळून देवल गाणगापूर. जायचे सव्वाशे-दीडशे किलोमीटर, यायचे तेवढेच. येताना रात्र होणार हे धरूनच चालायचं, आणि डिसेंबर म्हणजे आपल्याकडे उसाचे दिवस. या दिवसांत हुमनाबादच्या आसपास ज्यांनी रात्री गाडी चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असा उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारातून एकदम भिंतीसारखा समोर येतो.

आणि नेमका तेव्हाच गाडीचा पुढचा डावा ब्रेक गाऊ लागला. आधी नुसती बारीक शिट्टी. कित्येक गाड्यांच्या ब्रेक पॅडला पोलादाची एक छोटी जीभ लावलेली असते. पॅड झिजत आलं की ती जीभ डिस्कला घासते आणि ओरडते. ओरडण्यासाठीच ती बसवलेली असते. मी आठवडाभर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग शिट्टी गेली आणि खरखर आली. खरखर म्हणजे पॅडवरचा मसाला संपला आणि मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासतेय. एवढं मला कळत होतं.

जिल्ह्याच्या गावातल्या एका शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. अर्ध्या तासाने कागद हातात आला. पुढच्या पॅडचा सेट २,१५० रुपये, दोन डिस्क ५,४०० रुपये, मजुरी १,९०० आणि ब्रेक क्लीनिंग-ग्रीसिंगचे ६५०. मजुरीवर अठरा टक्के जीएसटी धरून एकूण १०,५५९.

मला खटकली ती शेवटची ओळ. सात महिन्यांपूर्वी याच क्लीनिंग-ग्रीसिंगचं बिल मी भरलं होतं. शिवाय खरखर डाव्या चाकात आणि डिस्क मात्र दोन्ही बदलायच्या, हेही पटेना. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "सर, पेअरमध्येच बदलतात." का, ते त्याला सांगता आलं नाही. तो सांगेल असं वाटलंही नव्हतं, पण मनातली शंका पक्की झाली. हे आपल्याला फसवतायत, असं ठरवूनच मी गाडी घरी आणली. पुढचं सगळं या गैरसमजावर उभं आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

लेक तेव्हा बेंगळुरूहून घरी आली होती, पंधरा दिवस इथूनच काम करणार होती. कागद बघून म्हणाली, "पप्पा, हे आपण करू शकतो. तुम्ही पूर्वी जीपचे ब्रेक शू बदलायचेच की." बदलायचो, हे खरं. पण त्या जीपला चारही चाकांना ड्रम होते आणि पावसाळ्यात ओढा ओलांडला की पुढचे दोन-चार ब्रेक लागायचेच नाहीत. ड्रममध्ये पाणी शिरलं की शू नुसते घसरतात. डिस्क उघडी असते, पाणी फेकून देते, म्हणून पुढच्या चाकांना ती आली. कल्पना तशी फार जुनी. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. पण तेव्हाच्या रस्त्यांवरची धूळ आणि तांब्याच्या पॅडचा आवाज, यांपुढे ती टिकली नाही. पन्नास वर्षांनी, १९५३ मध्ये, ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वार पहिल्या आल्या आणि जगाने मनावर घेतलं.

अमेरिकेतला माझा भाचा डिस्कला रोटर म्हणतो. त्याला फोन केला तर तो हसला. म्हणाला, "मामा, इथे तर सगळेच घरी बदलतात." तिथली सुट्या भागांची दुकानं म्हणे अनामत ठेवून हत्यारंसुद्धा वापरायला देतात. आपल्याकडे गणित उलटं आहे, हे मला नंतर कळलं. तिथे मजुरी महाग, म्हणून स्वतः केलं की अर्धे-अधिक पैसे वाचतात. इथे माणसाचा हात स्वस्त आणि भाग महाग. माझ्या त्या कागदात साडेसात हजार भागांचेच होते, आणि ते मी बदलले काय नि ब्रह्मदेवाने बदलले काय, तेवढेच लागणार होते.

भागांवरून आठवलं. तुमच्यापैकी अनेकांनी नव्या गाड्या घेतल्या आहेत आणि "बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल" हे वाक्य तुम्हाला पाठ असेल. देशाच्या स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी याच प्रश्नावर निकाल दिला होता. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. भाग खुल्या बाजारात विकू द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावर सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या अर्थातच वर दाद मागायला गेल्या. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टलही काढलं. ब्रेक पॅड मात्र झिजणारा भाग आहे, चपलेच्या तळव्यासारखा. झिजल्यावर तो वॉरंटीत सहसा धरतच नाहीत, त्यामुळे माझ्या आठ वर्षं जुन्या गाडीला तो प्रश्नच नव्हता.

भाग बिदरहून आणले, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, छापील किमतीत. याच्या निम्म्या किमतीचे पॅड दोन दुकानांत मिळत होते, डबाही हुबेहूब. ब्रेकच्या बाबतीत मी त्या वाटेला जात नाही. नकली पॅड पहिल्या दिवशी छानच लागतं. त्याची परीक्षा होते ती तापल्यावर.

किती तापतं याचा एक हिशेब लेकीने करून दाखवला. चार माणसं बसलेली गाडी बाराशे किलोची धरली आणि ती ताशी ८० च्या वेगाने जात असेल, तर तिला थांबवायला जवळपास ३०० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. म्हणजे घागरीतलं लिटरभर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला लागते तेवढी. गॅसवर त्याला चार-पाच मिनिटं लागतात. ब्रेक ते काम तीन-चार सेकंदांत करतो, आणि त्यातलंही बहुतेक पुढच्या दोन चाकांतल्या चार पॅडवर पडतं. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "मग चहाच ठेवा की त्याच्यावर."

रविवारी सकाळी अंगणात काम काढलं. आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. फरशी सपाट दिसली तरी लोखंडी स्टँड तिच्यावर सरकतो आणि एखादी पोकळ असली तर फुटते, म्हणून खाली जाड फळी ठेवली. ज्यांचं अंगण काळ्या मातीचं आहे त्यांनी तर फळीशिवाय जॅक लावूच नये, बघता बघता रुततो. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, गाडी गिअरमध्ये टाकली, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केले आणि मग उचलली. उचलल्यावर स्टँड लावला. हे मी चार वेळा लिहिलं तरी कमीच आहे. गाडीसोबत येणाऱ्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हात घालायचा नाही. तो जॅक स्टेपनी बदलण्यापुरता.

चाक निघालं, खालचा बोल्ट काढला आणि कॅलिपर वर उचलायला गेलो तर तो हलेना. इथे थोडं थांबतो, कारण सगळी गोम इथेच होती. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा पंजा. त्याच्या एकाच बाजूला, आतून, पिस्टन असतो. पिस्टन आतलं पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्या दाबाने अख्खा पंजा दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून आणतो. त्या पिना सरकत्या राहिल्या तरच दोन्ही पॅड सारखे झिजतात. आमची खालची पिन गंजून जाम झाली होती. रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीसचा थेंब नाही, नुसती तांबडी भुकटी. बाहेरच्या पॅडवर अजून पाच मिलिमीटर मसाला शिल्लक होता आणि आतलं पॅड लोखंडापर्यंत संपलं होतं. सात महिन्यांपूर्वीच्या त्या ग्रीसिंगचं ग्रीस कुठे गेलं, ते मी विचारायला गेलो नाही. बिलावर कामाची ओळ असते, काम झाल्याचा पुरावा नसतो.

तुमच्यासाठी यात कामाची गोष्ट एवढीच की चाकाच्या जाळीतून डोकावून जे पॅड दिसतं ते बहुधा बाहेरचं. ते जाड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आतलं बघायला चाक काढावंच लागतं.

लेक म्हणाली, "पप्पा, मग पॅड आणि पिन बदललं की झालं. डिस्क कशाला?" माझ्याही मनात तेच होतं. साडेपाच हजार वाचले, असंच मी धरून चाललो होतो. पण डिस्कच्या मधल्या भागावर बारीक अक्षरात एक आकडा कोरलेला असतो, त्याहून पातळ झाली तर वापरू नका असा. आमच्या डिस्कवर १५ मिलिमीटर होता. घरच्या व्हर्नियरने मोजलं तर १५.८ आलं आणि मी खूश झालो. लेकीला ते पटेना. जुन्या डिस्कच्या कडेला गंजाची आणि न झिजलेल्या लोखंडाची उंच कड राहिलेली असते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवरच टेकतात आणि माप जास्त येतं. तिने सारख्या जाडीचे दोन वॉशर घेतले, दोन्ही बाजूंनी कडेच्या आत धरले, सगळं मिळून मोजलं आणि वॉशरची जाडी वजा केली. १४.६ आलं. उजव्या चाकाची डिस्क १५.१ होती, म्हणजे तीही आजची उद्यावर.

तेव्हा शोरूमवाल्यांचं बरोबर होतं. डिस्क बदलायला झालीच होती आणि जोडीनेच बदलायला हवी होती. एका बाजूला जाड नवी आणि दुसऱ्या बाजूला पातळ जुनी असली, तर दोन्हीकडची पकड सारखी राहत नाही आणि जोरात ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. काउंटरवरच्या मुलाने दोन आकडे सांगितले असते, १५ पाहिजे आणि १४.६ आहे, तर मी तिथेच पैसे भरून मोकळा झालो असतो. पण मग पिन जाम आहे हे कळलं असतं का? कागदावर तर पिनेचा उल्लेख नव्हता. नवं पॅड, नवी डिस्क आणि तीच जाम पिन, म्हणजे वर्षभरात पुन्हा तेच.

जुनी डिस्क गंजाने बसकणीला चिकटलेली असते. आमच्या डिस्कला दोन रिकामी आट्यांची भोकं होती. त्यात आठ नंबरचे बोल्ट थोडे थोडे आवळत नेले की डिस्क स्वतःच पुढे येते, हातोड्याने बडवायला लागत नाही. बसकणीवरचा गंज तारेच्या ब्रशने अगदी चकचकीत होईपर्यंत काढावा लागतो. तिथे कणभर गंज राहिला तर डिस्क कणभर वाकडी बसते, ते वाकडेपण कडेला वाढतं आणि ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. पुष्कळदा ती बसवतानाच वाकडी बसलेली असते. नव्या डिस्कला गंज चढू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो धुवून काढायचा आणि पुन्हा तिथे बोट लावायचं नाही. पिनांना सिलिकॉनचं ग्रीस, नेहमीचं पिवळं नाही. त्याने रबर फुगतं.

नवं पॅड जाड असल्यामुळे पिस्टन आत ढकलावा लागतो. सी-क्लॅम्पने हळूहळू ढकलला की ब्रेक ऑइल मागे टाकीत चढतं. टाकी भरलेली असेल तर ते सांडतं आणि रंग खातं. आम्ही सिरिंजने आधीच थोडं काढून घेतलं. रंग बघून लेकीने नाक मुरडलं. कोऱ्या चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑइलला ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. हवेतलं पाणी शोषून घेणारा तो द्रव आहे. डॉट ४ प्रतीचा ताजा द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात तीन-चार टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. कलबुर्गीचा मे महिना, भरलेली गाडी, लागोपाठ ब्रेक, आणि आतला द्रव उकळला की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. आमचं कधी बदललं होतं, ते आठवेना.

चार वाजता दोन्ही चाकं बसली. नट टॉर्क रेंचने, फुलीच्या क्रमाने आवळले. हात काळे, पाठ मोडलेली, पण काम सुबक झालं होतं आणि मी फुशारलो होतो. तेवढ्यात फोन आला. बोलत बोलतच गाडीत बसलो, लेक शेजारी बसली. गाडी चालू केली, मागचे दगड तिने आधीच काढले होते. आमच्या दारापासून गल्लीपर्यंत उतार आहे. रिव्हर्स टाकला, गाडी हलली, ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट खाली टेकला. पायाखाली काहीच नव्हतं.

पिस्टन मागे ढकलल्यावर तो आणि पॅड यांच्यात फट राहते. इंजिन चालू करण्याआधी, गाडी जागेवर असताना, पेडल दहा-पंधरा वेळा दाबून ती फट भरून काढायची असते. पेडल कडक लागलं की मगच गाडी हलवायची. मला हे माहीत होतं. सकाळी लेकीला मीच सांगितलं होतं.

लेकीने हँडब्रेक ओढला. तो मागच्या चाकांवर चालतो, तिकडे आम्ही हात लावला नव्हता. तोवर गाडी गल्ली ओलांडून समोरच्या ओट्यावर आपटली होती. फार जोरात नव्हे. मागचा बंपर फुटला, ओट्याच्या कडेचा दगड सरकला. त्या ओट्यावर संध्याकाळी गल्लीतल्या चार-पाच म्हाताऱ्या बसलेल्या असतात, त्यांत आमची आईही असते. त्या दिवशी त्या भजनाला गेल्या होत्या.

आम्ही दोघं बराच वेळ गाडीतच बसून होतो. फोन अजून चालूच होता, पलीकडून हॅलो, हॅलो ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी हळूहळू स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे नेली. तीस वर्षं त्याने लोकांच्या जीपा आणि टमटम दुरुस्त केल्या आहेत. फुटका बंपर बघून म्हणाला, "काय करलालाव सर तुम्ही?" सगळं सांगितलं. तो हसला नाही. चाकं काढून बघितली. पिना, पॅड, नट ठीक आहेत म्हणाला. मग डाव्या कॅलिपरच्या रबरी नळीवर बोट ठेवलं. नळीवर एक सरळ पांढरी रेघ छापलेली असते. आमच्याकडे ती रेघ दोरीच्या पिळासारखी फिरली होती. कॅलिपर काढून तारेला टांगला होता, तो बसवताना उलटा फिरून बसला होता. पिळलेली नळी आज काही करत नाही, स्टिअरिंगबरोबर रोज वळून वळून कधीतरी एका दिवशी फुटते. त्याने दहा मिनिटांत ती सरळ केली, ब्रेक ऑइल चारही चाकांतून काढून नवं भरलं. ऑइलसकट सहाशे रुपये घेतले.

रात्री बायकोने हिशेब मांडला. भाग ७,५५०. टॉर्क रेंच, दोन स्टँड, सी-क्लॅम्प, ग्रीस, स्प्रे मिळून ५,०००. मिस्त्री ६००. बंपरची डागडुजी १,८००. एकूण १४,९५०. "शोरूमचे साडेदहा," ती म्हणाली आणि वही मिटली. मी म्हटलं, हत्यारं आता कायमची आहेत. ती म्हणाली, "अहो, ओटाही कायमचाच आहे."

तर स्वतः करावं की शोरूमला द्यावं, असं तुम्ही विचाराल. हत्यारं आणि बंपर सोडले तर माझे चोवीसशे रुपये वाचले असते, आणि त्यासाठी दोन माणसांचा अख्खा रविवार गेला. एवढ्या पैशांसाठी हे करण्यात अर्थ नाही, असं माझं मत आहे. माझं काही न चुकता झालं असतं तरी मी हेच म्हटलं असतं. पॅड बदलणं अवघड नाही, पण पहिल्यांदा करताना शेजारी आधी केलेला माणूस हवा. व्हिडिओ चालणार नाही. तुमची नळी पिळली आहे हे व्हिडिओला दिसत नाही. ब्रेक ऑइल काढून भरणं, मागचे ड्रम आणि एबीएसच्या कशालाही मी घरी हात लावणार नाही. ड्रममधली भुकटी फुंकर मारून तर कुणीच उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, स्वस्त मालात आजही काय असेल याचा भरवसा नाही. पाण्याने धुवावी.

बेंगळुरू-हैदराबादच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तसाही हा प्रश्न पडत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उचलून ठेवली तर वॉचमन येतो. पण चाक काढल्यावर आत काय असतं हे एकदा बघून ठेवा, सुट्टीला गावी याल तेव्हा मिस्त्रीच्या शेजारी तासभर उभे राहून. मग शोरूममध्ये कागद हातात आला की विचारता येतं: डिस्कवर किमान जाडी किती कोरलेली आहे, मोजली तर किती भरली, आतलं पॅड किती आणि बाहेरचं किती, पिना सरकतात का. काढलेले जुने भाग परत मागा, ते तुमच्याच पैशांचे आहेत. परवा पुण्यातल्या पुतण्याने हे चार प्रश्न विचारले. त्याला डिस्क बदलायचीच नव्हती असं निघालं. नुसत्या पॅडवर काम भागलं.

गाणगापूरला आम्ही ठरल्याप्रमाणे गेलो. त्याआधी दोन दिवस पहाटे हुमनाबाद रस्त्यावर पॅड बसवून घेतले. साठच्या वेगावरून पंधरापर्यंत हलक्या पायाने, पूर्ण न थांबता, मध्ये वारं लागू देत, असं दहा वेळा. तेवढ्याने पॅडचा मसाला डिस्कवर सारखा पसरतो. येताना रात्री कमलापूरच्या अलीकडे तो ट्रॅक्टर भेटलाच. समोरून येणाऱ्या लॉरीचे दिवे डोळ्यांवर, ते सरले आणि पुढे ऊस. मी दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. ट्रॉलीच्या मागे लोंबणारी वाढ्यांची पानं बॉनेटला लागत होती. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "काय रे, आलं का गाव?"

नवी चाकं बसवल्यावर शंभर-दीडशे किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासायचे असतात. ते मी जातानाच, गाणगापूरच्या पार्किंगमध्ये केलं होतं. आई आणि बायको माधुकरी मागायला गेल्या होत्या. मी टॉर्क रेंच काढून बसलो तर शेजारच्या सोलापूरच्या गाडीतले गृहस्थ येऊन उभे राहिले, "काका, आमचेही जरा बघता का?" त्यांचे झाले, मग लातूरची एक जीप, मग आणखी कुणी. आई परत आली तेव्हा माझी पाचवी गाडी चालू होती. तिने झोळीतली अर्धी भाकरी तिथेच माझ्या काळ्या हातात ठेवली.